गोंदियाच्या वनांतील पिंगळे आणि हरवलेला रानपिंगळा

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून, गावाच्या हद्दीतील वनस्पती, प्राणी व पक्षी यांची लोक जैवविविधता नोंदवही या समितीने लोकांच्या मदतीने तयार करावयाची असते. अशा नोंदवहीतील पक्ष्यांचे पान उघडले, तर मोर, पोपट, बगळा यांच्या रांगेत पुष्कळदा "घुबड" असा एकच शब्द आढळतो. फार तर त्यापुढे "पिंगळा" हा दुसरा शब्द जोडलेला असतो. नोंद घेणाऱ्याने आपले काम केले, असे वरवर पाहता वाटते. वस्तुतः या दोन शब्दांत अनेक भिन्न जातींचे पक्षी कोंबले गेलेले असतात आणि त्यांपैकी कोणता पक्षी गावात खरोखर राहतो, याचा बोध त्या पानावरून होत नाही.

गोंदिया जिल्ह्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ हौशी पक्षिनिरीक्षकांचा नाही. महाराष्ट्रात तीन प्रकारचे पिंगळे आढळतात. त्यांतील दोन या जिल्ह्यात सर्वांच्या परिचयाचे आहेत. तिसरा, म्हणजे रानपिंगळा, हा जगात फक्त मध्य भारतात सापडणारा आणि एकेकाळी नामशेष झाला असे मानला गेलेला पक्षी होय. त्याच्या आजच्या ज्ञात वसतिस्थानांत गोंदियाचा समावेश नाही. परंतु नकाशा समोर ठेवून एकविसावा व बाविसावा उत्तर अक्षांश यांमधील पट्टा पाहिला, तर एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. पश्चिमेकडे नंदुरबार जिल्ह्यातील तळोदा व शहादा, मध्यभागी मेळघाटातील धारणी, पुढे गोंदिया आणि पूर्वेकडे छत्तीसगडमधील बसना ही गावे याच चिंचोळ्या पट्ट्यात येतात. यांपैकी गोंदिया वगळता उरलेल्या सर्व ठिकाणांशी किंवा त्यांच्या परिसराशी या पक्ष्याचा इतिहास निगडित आहे. ज्या जिल्ह्याच्या पूर्वेस व पश्चिमेस असा पक्षी नोंदला गेला, त्या जिल्ह्यातील शिक्षकास, वनरक्षकास आणि सरपंचास तीन पिंगळ्यांतील फरक ठाऊक असणे अगत्याचे ठरते.

नावाविषयी थोडेसे

"पिंगळा" हे नाव पिंगट, म्हणजे पिवळसर तपकिरी, या रंगावरून आलेले आहे. महाराष्ट्रात पहाटेच्या अंधारात हातात कंदील व कुडमुडे घेऊन दारोदार फिरणाऱ्या आणि भविष्य सांगणाऱ्या भिक्षेकऱ्यासही पिंगळाच म्हणतात. त्याला पिंगळा पक्ष्याची भाषा समजते, अशी लोकांची समजूत असे. लोकव्यवहाराने या पक्ष्याला अशा रीतीने शुभाशुभाशी जोडले खरे, परंतु त्याच्या जाती वेगळ्या करून पाहिल्या नाहीत. पुढे इंग्रजी ग्रंथांवरून मराठी नावे तयार करताना आणखी एक अडचण उद्भवली. इंग्रजीत एका जातीला "जंगल" व दुसरीला "फॉरेस्ट" हे विशेषण लावलेले आहे. मराठीत रान, वन आणि जंगल हे शब्द एकमेकांच्या जागी सहज वापरले जातात. त्यामुळे "जंगली पिंगळा" आणि "रानपिंगळा" ही दोन वेगळ्या पक्ष्यांची नावे आहेत, हे ऐकणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. ही नावे फारशी सोयीची नाहीत, असे प्रस्तुत लेखकास वाटते; पण ती आता रूढ झाली आहेत. या लेखात गावात व शेतशिवारात राहणाऱ्या जातीस "ठिपकेवाला पिंगळा", वनातील सर्वपरिचित जातीस "जंगली पिंगळा" आणि दुर्मिळ जातीस "रानपिंगळा" असे म्हटले आहे.

एका नमुन्याची आणि एका लबाडीची कथा

रानपिंगळ्याचा पहिला नमुना १८७२ साली एफ. आर. ब्ल्यूइट यांनी फुलझर परिसरात, आजच्या महासमुंद जिल्ह्यातील बसन्याजवळ मिळविला. फुलझर ही त्यावेळी मध्य प्रांतातील जमीनदारी होती. आजचा गोंदिया जिल्हा ज्यातून १ मे १९९९ रोजी वेगळा झाला, तो भंडारा जिल्हाही त्याच मध्य प्रांतात होता. १८७३ साली ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी या नमुन्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेच्या संदर्भात आपण शाळेत ज्यांचे नाव वाचतो, तेच हे ह्यूमसाहेब. पक्षिशास्त्रातही त्यांचा अधिकार मोठा होता आणि "स्ट्रे फेदर्स" हे पक्षिविषयक नियतकालिक ते स्वतः चालवीत असत. त्यांनी या पक्ष्यास "हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी" असे नाव दिले. नावाच्या पहिल्या भागाचा अर्थ "वेगळे घुबड" असा असून दुसरा भाग ब्ल्यूइट यांच्या सन्मानार्थ आहे. अलीकडील जनुकीय अभ्यासावरून मात्र हा पक्षी ठिपकेवाल्या पिंगळ्याच्याच कुळातील, म्हणजे "अथेनी" प्रजातीतील, असल्याचे दिसून आले आहे.

त्यानंतर १८७७ साली भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांना आजच्या ओडिशातील खरियार भागात एक पक्षी मिळाला. पुढे १८८० ते १८८४ या काळात खानदेशात अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी तळोदा व शहादा परिसरातून काही नमुने गोळा केले. येथे हा पक्षी जणू लुप्त झाला. निरनिराळ्या संग्रहालयांत मिळून त्याची अवघी सात कातडी उरली आणि जिवंत पक्षी पाहिल्याची खात्रीलायक नोंद पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ झाली नाही.

या सात कातड्यांपैकी एकावरील चिठ्ठी मात्र वेगळेच काही सांगत होती. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश सेनाधिकाऱ्याच्या संग्रहातील त्या नमुन्यावर गुजरातेतील तापीकाठचे मांडवी हे स्थळ आणि १९१४ हे वर्ष लिहिलेले होते. ही नोंद सर्वांत अलीकडची असल्याने साहजिकच तिला वजन प्राप्त झाले. हा पक्षी शोधू पाहणाऱ्यांनी मांडवीकडे लक्ष वळविले आणि तेथे तो सापडला नाही. पक्षी नसलेल्या जागी शोध घेतला जात असताना, जेथे तो होता त्या सातपुड्याच्या पायथ्याकडे दुर्लक्ष झाले.

अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेत काम करणाऱ्या पक्षिशास्त्रज्ञ डॉ. पामेला रासमुसेन यांनी माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहाची बारकाईने तपासणी केली. कातडे सोलण्याची व भरण्याची प्रत्येक संग्राहकाची स्वतःची पद्धत असते. हस्ताक्षरावरून जसा लेखक ओळखता येतो, तसा या पद्धतीवरून संग्राहक ओळखता येतो. १९१४ चा म्हणून दाखविलेला नमुना हा वस्तुतः डेव्हिडसन यांचा होता. तो संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावण्यात आली होती. डॉ. रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी १९९९ साली ही लबाडी शास्त्रीय निबंधाद्वारे सप्रमाण उघड केली.

मांडवीची नोंद बाजूस सारल्यावर शोधाची दिशा बदलली. नोव्हेंबर १९९७ मध्ये डॉ. रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबॉट यांनी आधी पूर्वेकडील जुन्या स्थळी शोध घेतला. तेथे यश आले नाही. मग डेव्हिडसन यांच्या चिठ्ठ्यांवरील गावांच्या आधारे ते खानदेशात आले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळच्या वनात, निष्पर्ण झाडावर उन्हात बसलेला रानपिंगळा त्यांच्या दृष्टीस पडला. डेव्हिडसन यांच्या अखेरच्या नमुन्यानंतर ११३ वर्षांनी हा पक्षी जिवंत असल्याचे सिद्ध झाले. गंमत अशी, की तो दिवसाढवळ्या, उघड्या फांदीवर बसला होता. तो कोठे दडून राहिला नव्हता.

या पुनर्शोधानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संशोधकांनी तोरणमाळ परिसरात त्याचा सविस्तर अभ्यास केला. मेळघाट, यावल, मध्य प्रदेशातील खंडवा, बऱ्हाणपूर व बैतुल हे भाग आणि गुजरातमधील डांग येथून त्याच्या नोंदी मिळाल्या. मेळघाट हे आज त्याचे सर्वांत मोठे आश्रयस्थान मानले जाते. २०१४ साली तर तो मुंबईपासून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यात आढळला, जेथे तो असेल अशी कोणास कल्पनाही नव्हती. २०१८ साली आंतरराष्ट्रीय यादीत त्याची गणना "अतिसंकटग्रस्त" वर्गातून "संकटग्रस्त" वर्गात करण्यात आली. असे असले तरी जगातील प्रौढ रानपिंगळ्यांची संख्या हजाराच्या आतच असावी, असा अंदाज आहे.

तीन पिंगळे कसे ओळखावेत

आकारमानावरून हे तीन पक्षी वेगळे करता येतील, अशी आशा बाळगू नये. जंगली पिंगळा सुमारे २०, ठिपकेवाला सुमारे २१ आणि रानपिंगळा सुमारे २३ सेंटिमीटर लांबीचा असतो. पुस्तकात हा फरक स्पष्ट दिसतो. वीस हात उंच फांदीवरील पक्ष्याबाबत तो काहीच कामाचा नाही. तिन्ही पक्षी साधारणपणे साळुंकीच्या मापाचे, गोल डोक्याचे आणि पिवळ्या डोळ्यांचे असतात. तिघांनाही कानासारखे पिसांचे तुरे नसतात. असे तुरे दिसले, तर तो पिंगळा नव्हे, शिंगळा किंवा अन्य घुबड होय, एवढे मात्र निश्चित समजावे.

प्रथम डोके पाहावे. ठिपकेवाल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके विखुरलेले असतात आणि तसेच ठिपके पाठीवर व पंखांवरही असतात. मानेच्या मागील बाजूस अर्धवट पांढरी कड दिसते. जंगली पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके नसून बारीक आडव्या रेघा असतात आणि या रेघा पाठ, छाती, पोट अशा सर्वांगावर उतरलेल्या असतात. जणू कोणी बारीक कंगव्याने सारा पक्षी आडवा विंचरला आहे! तो उडाला की पंखांतील तांबूस रंग चटकन नजरेत भरतो. रानपिंगळ्याचे डोके मात्र जवळजवळ कोरे, करड्या तपकिरी रंगाचे असते आणि पाठही तशीच साधी असते. ठिपके, रेघा आणि कोरे, हे तीन शब्द विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतले, तर बरेचसे काम होते.

परंतु डोक्यावरच विसंबून राहणे धोक्याचे आहे. ठिपकेवाल्या पिंगळ्याची पिसे जुनी होऊन झिजली, की त्यांवरील पांढरे ठिपके पुसट होतात व डोके कोरे भासू लागते. उलट, एखाद्या रानपिंगळ्याच्या डोक्यावर अगदी फिकट ठिपके असू शकतात. सावलीतील पक्षी किंवा लांबून काढलेले अस्पष्ट छायाचित्र यांमुळे घोटाळा आणखी वाढतो. म्हणून डोक्यानंतर छाती व पोट पाहावे. रानपिंगळ्याच्या छातीचा वरचा भाग सलग गडद तपकिरी असतो, त्याच्या खाली पोटाचा मध्यभाग स्वच्छ पांढरा आणि दोन्ही कुशींवर आडवे पट्टे असतात. समोरून पाहिल्यास वरचा तपकिरी व खालचा पांढरा असे दोन भाग वेगळे दिसतात. ठिपकेवाल्याच्या छातीवर असा सलग रंग नसतो. तेथे तुटक तपकिरी खुणा असतात आणि त्या पोटापर्यंत पसरलेल्या असतात. जंगली पिंगळ्याच्या बाबतीत तर रेघांखेरीज काही दिसतच नाही.

तिसरी खूण पंख आणि शेपटी यांची. रानपिंगळ्याच्या पंखांवर व शेपटीवर गडद आणि पांढरे असे रुंद, ठसठशीत पट्टे असतात. शेपटीचे टोक पांढरे असते. त्याचे डोके शरीराच्या मानाने मोठे, चोच जाड, पाय आखूड पण भक्कम आणि पांढऱ्या पिसांनी दाट झाकलेले असतात. नखे आकाराच्या मानाने फार बळकट असतात. या पक्ष्याची आणखी एक लकब सांगितली जाते: फांदीवर बसलेला असताना तो शेपटी झटक्याने डावीकडे व उजवीकडे हलवितो.

आवाजाची मदत मोठी होते, कारण पानांत दडलेला पक्षी दिसत नसला तरी ऐकू येतो. सायंकाळी गावातील चिंचेवर किंवा जुन्या वाड्याच्या आढ्यावर दोन-तीन पक्षी भांडत असल्यासारखा जो कर्कश कलकलाट ऐकू येतो, तो ठिपकेवाल्या पिंगळ्याचा. जंगली पिंगळ्याची साद प्रथम सावकाश सुरू होते, मग तिची लय वाढत जाते आणि शेवटी ती विरते. पहाटे व तिन्हीसांजेस नागझिऱ्याच्या वनात मुक्काम केलेल्या प्रत्येकाने ती ऐकलेली असते, भले तिचा धनी ठाऊक नसो. रानपिंगळ्याच्या नराचा आवाज या दोहोंहून सौम्य, थोडा लांबविलेला आणि दोन भागांत मोडणारा असतो. याशिवाय तो तीक्ष्ण किंचाळीसारखे स्वरही काढतो. आवाजाचे हे वर्णन वाचून कोणी ओळख ठरवू नये. ध्वनिमुद्रण ऐकून कानास सवय लावणे हाच त्याचा मार्ग आहे.

अधिवास : झाडाची पोकळी आणि मोकळे वन

पिंगळे स्वतः झाडाला भोक पाडू शकत नाहीत. सुतार पक्ष्याने कोरून सोडलेली ढोली, फांदी मोडून कुजल्यामुळे तयार झालेली पोकळी किंवा जुन्या घराच्या भिंतीतील भगदाड यांवर त्यांची वीण अवलंबून असते. ठिपकेवाल्या पिंगळ्याने माणसाच्या सहवासाशी जुळवून घेतले आहे. आंबराई, वड, पिंपळ, मंदिराचे शिखर, कौलारू शाळेचे आढे यांपैकी काहीही त्याला चालते. दिव्याच्या खांबाखाली जमणाऱ्या किड्यांवरही तो पोट भरतो. जंगली पिंगळा वन सोडून फारसा बाहेर येत नाही.

रानपिंगळ्याची निवड याहून चोखंदळ आहे. त्याला पानझडीचे, सागाचे, विरळ वन लागते. तेथे झाडे उंच व जुनी असावीत, खाली दाट झुडूप नसावे आणि फांदीवरून जमिनीवरील हालचाल स्पष्ट दिसावी. त्याचे भक्ष्य म्हणजे सरडे, सापसुरळ्या, उंदीर, टोळ व बेडूक. हे सारे तो बव्हंशी दिवसाउजेडी फांदीवर टपून बसून पकडतो, म्हणून मोकळी जमीन त्याच्या जीवनाचा आधार आहे. थंडीच्या दिवसांत सकाळी तो उन्हात बसतो. साग, मोई, सालई, रोहन अशा झाडांच्या ढोल्यांत त्याची वीण ऑक्टोबर ते मे या दरम्यान होते. मादी अंडी उबविते व त्या काळात नर तिला अन्न आणून देतो.

आता हे चित्र गोंदिया जिल्ह्याच्या वनांशी ताडून पाहावे. नागझिरा अभयारण्य १९७० च्या सुमारास, तर नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ साली अस्तित्वात आले. डिसेंबर २०१३ मध्ये ही व लगतची क्षेत्रे मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. ही वने दक्षिणी शुष्क पानझडी प्रकारची असून त्यांत साग, ऐन, धावडा, बीजा, तेंदू, मोह, सालई व बांबू ही झाडे आहेत. सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी व अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत प्रकल्पाबाहेरही विस्तृत वनक्षेत्र असून त्याचा पूर्वेकडील भाग छत्तीसगडच्या वनांना जाऊन भिडतो. जेथे बांबू दाट आहे, तेथे रानपिंगळ्याचा विचार करण्याचे कारण नाही. तेथील रेघांचा पक्षी जंगली पिंगळाच समजावा. जेथे सागाचे जुने, मोकळे वन व त्याच्या कडेला पडीक जमीन आहे, तेथे मात्र प्रत्येक पिंगळा दोनदा पाहण्याजोगा आहे. नवेगावच्या वनात अनेक वर्षे सेवा केलेले आणि मराठीला "पक्षिकोश" देणारे वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी पक्ष्यांची कितीतरी नावे व सवयी आदिवासी व वनवासी लोकांकडून जाणून घेतल्या. ढोली कोठे आहे, तीत यंदा कोण राहते, हे गुराख्यास व मोहफुले वेचणाऱ्या बाईस जितके ठाऊक असते, तितके ते बाहेरून आलेल्या निरीक्षकास ठाऊक होणे कठीण.

ढोलीचे झाड हा या सर्व विषयाचा गाभा आहे. वनव्यवस्थापनात वाळलेले, किडलेले, पोकळ झाड हे बहुधा निरुपयोगी समजले जाते. जळाऊ लाकडासाठीही प्रथम कुऱ्हाड पडते ती त्याच्यावर. सागाची नवी लागवड कितीही सरळ व जोमदार असली, तरी तिच्यात ढोली तयार होण्यास कित्येक दशके लागतात. तोवर त्या वनात पिंगळ्याला घर नाही, पोपटाला नाही आणि धनेशालाही नाही. दुसरे संकट आगीचे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटविण्यात येतो. तेंदूची पालवी चांगली फुटावी म्हणूनही काही ठिकाणी आग लावली जाते. ती आग वाऱ्याने पसरली की जमिनीवरचे सरडे व सापसुरळ्या तर जातातच, पण पोकळ बुंधा आतून पेट घेतो आणि धुराड्यासारखा जळत राहतो. झाडाखालचा पाला जाळण्याऐवजी झाडून बाजूस करणे किंवा जुनी साडी, जाळी अंथरणे हा उपाय कष्टाचा असला तरी तो शक्य आहे.

शेतातील उंदरांसाठी वापरले जाणारे विष हाही विचार करण्याजोगा विषय आहे. धानाच्या बांधांवरील उंदीर खाणारा ठिपकेवाला पिंगळा हा शेतकऱ्याचा बिनपगारी राखणदार होय. विष खाऊन अर्धमेला झालेला उंदीर त्याच्या पोटात गेला, तर तो राखणदारही दगावू शकतो.

अंधश्रद्धेविषयी येथे स्पष्ट लिहिणे भाग आहे. घुबड दिसणे अशुभ मानून त्यास दगड मारणे, घरट्यातील पिले काढून फेकणे, आणि याच्या अगदी उलट, दिवाळीच्या सुमारास धनप्राप्तीच्या आशेने जादूटोण्यासाठी घुबडांची चोरटी खरेदी-विक्री करणे, हे दोन्ही प्रकार आपल्या देशात घडतात. एकाच पक्ष्याला एका दारी अवदसा व दुसऱ्या दारी लक्ष्मीचे वाहन समजणाऱ्या समाजाला त्या पक्ष्याकडे नुसते पक्षी म्हणून पाहणे जड जावे, हे नवल नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये घुबडांची शिकार व व्यापार हा गुन्हा आहे. रानपिंगळा त्या अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत असून तत्संबंधीच्या गुन्ह्यास २०२२ च्या सुधारणेनंतरही तीन ते सात वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे.

नोंद कशी घ्यावी

ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत पिंगळ्याची नोंद करताना जातीचे नाव लिहिण्यापूर्वी, काय दिसले ते लिहावे. तारीख, वेळ, गट क्रमांक किंवा वनकक्ष क्रमांक, झाडाचे नाव, डोक्यावर ठिपके, रेघा की कोरे, छातीचा रंग, पोटाचा रंग, शेपटीवरील पट्टे रुंद की बारीक, पक्षी किती वेळ व कोणत्या अंतरावरून पाहिला, आणि पाहणारे कोण कोण होते, एवढे लिहिले म्हणजे पुढे कोणासही ती नोंद तपासता येते. छायाचित्र असल्यास उत्तमच. ते समोरून व पाठीमागून असे दोन्ही बाजूंचे असावे. खात्री नसेल तेथे "पिंगळा, जात अनिश्चित" असे लिहिण्यात कमीपणा नाही. मांडवीच्या एका खोट्या चिठ्ठीने जगभरच्या अभ्यासकांना अनेक दशके भलत्या वाटेला लावले. तो बुद्धिपुरस्सर केलेला कपट होता, हे खरे. तथापि नोंदवहीत शिरलेली उत्साहाची चूक आणि कपट यांचा परिणाम पुढच्या शोधकर्त्यासाठी सारखाच असतो.

रानपिंगळ्याची शंका यावी असा पक्षी दिसल्यास प्रथम वनरक्षक व वनपरिक्षेत्र अधिकारी यांना कळवावे. घरट्याचे नेमके ठिकाण सर्वत्र जाहीर करू नये. भ्रमणध्वनीवर त्याची साद वाजवून पक्ष्यास पुनःपुन्हा बोलाविण्याचा मोह टाळावा. विणीच्या काळात त्यामुळे नर अन्न आणण्याचे सोडून आवाजाच्या मागे धावतो व ढोली उघडी पडते. निरीक्षणास डिसेंबर ते मार्च हा काळ सोयीचा होय. सकाळी साडेसात ते दहापर्यंत पक्षी उन्हात येऊन बसतात, आणि फेब्रुवारीनंतर साग निष्पर्ण झाल्याने दूरवरची फांदीही स्पष्ट दिसते. शाळांना आपल्या परिसरसहलींचे वेळापत्रक त्यानुसार ठेवता येईल. सहलीपूर्वी फळ्यावर तीन पिंगळ्यांची डोकी व छाती एवढेच मोठ्या आकारात काढावे; पूर्ण पक्षी काढण्याच्या नादात मुलांचे लक्ष रंगाकडे जाते व खुणा राहून जातात.

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्क मान्यता) अधिनियम, २००६ च्या पाचव्या कलमाने वन्यजीव, वन व जैवविविधता यांच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, त्यांच्या व्यवस्थापन आराखड्यात ढोली असलेल्या झाडांची मोजणी करून त्यांवर खूण करणे व तोडीतून ती वगळणे, ही एक बाब घालता येण्यासारखी आहे. त्यास वेगळा निधी लागत नाही. गेरूचा डबा, एक वही आणि वन माहीत असलेले दोन-तीन वृद्ध पुरेसे होतात. अशा झाडांची यादी तयार झाली, की कोणत्या ढोलीत कोणता पक्षी राहतो हे वर्षातून दोनदा, एकदा दिवाळीनंतर व एकदा होळीच्या सुमारास, पाहून त्याच वहीत लिहीत जावे. नागपूर येथील महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाच्या मार्गदर्शनाने लोक जैवविविधता नोंदवहीचे जे अद्ययावतीकरण होत असते, त्यात हीच पाने जोडता येतील.